नॉटिंगहॅममधलं ‘हाम’ आणि माहेरातलं घर

ट्रेंटकाठ (धागाकर्ता)

नॉटिंगहॅमला राहायला आलो त्याच आठवड्यात बसमध्ये चढून ड्रायव्हरला छातीठोकपणे म्हणालो, ‘नॉटिंग-हॅऽम स्टेशन’. त्याने मुकाट तिकीट दिलं, पण मागे उभ्या आजीबाई गालात हसल्या. इथलं कुणीही ‘हॅम’ म्हणत नाही. म्हणतात ‘नॉटिंगम’. ‘ह’ गायब, ‘ॲ’ गायब, उरतो तो शेवटी ओठ मिटण्यापुरता ‘म’. बर्मिंगहॅमचंही तेच, बर्मिंगम. टॉटनहॅमचं टॉट्नम.

सहा वर्षं हा ‘म’ डोक्यात अडकून होता. गेल्या हिवाळ्यात खोदायला बसलो. (इथे हिवाळ्यात चारला अंधार पडतो, दुसरं करणार काय!)

हे ‘हॅम’ म्हणजे जुन्या इंग्रजीतलं ‘हाम’. ‘हा’ आपल्या ‘हात’मधल्यासारखा लांब. हजार-बाराशे वर्षांपूर्वी अँग्लो-सॅक्सन लोक घराला, खरं तर घरादाराला, हा शब्द वापरत. पुढे बाराव्या-तेराव्या शतकात दक्षिणेकडच्या बोलींत असल्या लांब ‘आ’चा ‘ओ’ व्हायला लागला. दगडाला ‘स्तान’ म्हणत त्याचं स्टोन झालं, हाडाला ‘बान’ म्हणत त्याचं बोन, आणि हामचं होम. ज्या हामवर बोलताना आघात पडत होता, तो असा फुगून होम झाला. जो गावाच्या नावाच्या शेपटीत आघाताविना पडून होता तो झिजत गेला. नॉटिंगमचा ‘म’ म्हणजे झिजलेलं होमच. लंडनमधलं हॅम्पस्टेड आणि कोशातलं होमस्टेड हेही मुळात एकच, ‘हाम-स्तेदे’. मधला ‘प’ कुणी मुद्दाम घातलेला नाही, ‘म’वरून ‘स’वर जाताना जीभ आपोआप तो घुसडते.

अर्थाचं म्हणाल तर चार भिंती आणि छप्पर याला त्यांच्याकडे ‘हूस’ होता, आजचा हाउस. हाममध्ये भिंतींपेक्षा माणसं जास्त. वस्ती, वाडी, एखाद्याची शेतीवाडी, गाव, हे सगळं त्यात येई. जर्मन कुळातल्या गॉथिक भाषेत चौथ्या शतकात वुल्फिलाने बायबल उतरवलं, त्यात ‘हैम्स’ हा हामचा भाऊ येतो आणि तिथे त्याचा अर्थ चक्क ‘गाव’ आहे.

नॉटिंगहॅम हे मूळचं ‘स्नोटिंगाहाम’. स्नोट नावाचा कुणी म्होरक्या, ‘इंगा’ म्हणजे त्याची माणसं, आणि हाम. स्नोटच्या माणसांची वस्ती. आपल्याकडे सावंतांची वाडी ती सावंतवाडी, तसंच. फ्रान्समधून नॉर्मन लोक राज्य करायला आले, त्यांच्या जिभेला सुरुवातीचा ‘स्न’ जमेना, ‘स’ गळाला. आजच्या इंग्रजीत ‘स्नॉट’ म्हणजे शेंबूड, तेव्हा शहराने नॉर्मनांचे आभारच मानायला हवेत. बर्मिंगहॅम म्हणजे बेओर्माच्या माणसांचं हाम. १०८६ च्या डूम्सडे नोंदवहीत (नॉर्मन राजाने करवलेली जमीन-मालमत्तेची मोजणी) या गावात जेमतेम नऊ घरं आहेत आणि किंमत लावली आहे २० शिलिंग!

आता ज्यासाठी धागा काढला ते. हे सगळं वाचताना घरून फोन आला, आई म्हणाली, ‘अरे मी माहेरी चाललेय चार दिवस’. आणि ट्यूब पेटली. मातृगृह, त्याचं माहेर. ‘गृह’ कुठे आहे त्यात? शेवटच्या ‘एर’मध्ये दडलंय. श्वशुरगृहाचं सासर. आपणही आपलं घर असंच गिळून टाकलंय की. आणखी कुठे कुठे गिळलंय, जाणकारांनी सांगावं.


बंड्या_बोरिवलीकर | बेघर

भारी धागा. मग वेस्ट हॅमवाले (लंडनचा फुटबॉल क्लब) म्हणजे पश्चिमघरचे का? माझा रूममेट त्यांचा कट्टर आहे, त्याला आजपासून ‘पश्चिमघरे’ म्हणणार.


ट्रेंटकाठ | बंड्या, थांब

तिथेच घोळ आहे. जुन्या इंग्रजीत दोन शब्द होते. एक ‘हाम’, लांब आ, म्हणजे घर. दुसरा ‘हम्म’, आखूड, शेवटी दोन म. त्याचा अर्थ नदीच्या वळणात किंवा दलदलीत तिन्ही बाजूंनी वेढलेली जमीन. झिजल्यावर दोघांचंही ‘हॅम’ झालं. तुझ्या मित्राचं वेस्ट हॅम या दुसऱ्या जातीचं, टेम्स आणि ली नद्यांच्या पाणथळीतलं. फुलहॅमही तेच, ट्विकनहॅमही तेच, बकिंगहॅमसुद्धा. टॉटनहॅम मात्र अस्सल घर, टोट्टा नावाच्या माणसाचं. क्लॅपहॅम, स्ट्रेटहॅमही अस्सल.

आजच्या स्पेलिंगवरून काहीच कळत नाही. जुन्या सनदांमध्ये नाव कसं लिहिलंय ते बघावं लागतं. शेवटी ‘हम्मे’ असं दोन म लावून आलं की दलदल समजायची. इंग्लिश प्लेस-नेम सोसायटी १९२३ पासून हेच काम करतेय, एकेका परगण्याचे खंड काढत. तिचं बिऱ्हाड सध्या आमच्याच विद्यापीठात आहे.


बंड्या_बोरिवलीकर | वाचून दाखवलं

रूममेटला वाचून दाखवलं की तुमचा क्लब बेघर आहे, चिखलात बसलाय. त्याने चहा करायचं बंद केलंय.

आणि ते खायचं हॅम?


ट्रेंटकाठ

ते तिसरंच. गुडघ्यामागच्या खोबणीला जुन्या इंग्रजीत ‘हम्म’ म्हणत, तिथून मांडीकडे सरकलं. त्याचा घराशी संबंध नाही.


खडूफळा | त, ई, आ

ट्रेंटकाठ, उत्तम लिहिलंत. तीस वर्षं मराठी शिकवलं म्हणून दोन शब्द.

गिळलेली घरं म्हणाल तर देव्हारा आहे, देवगृहाचा. दोन स्वरांमध्ये सापडलेल्या ‘घ’चा प्राकृतात ‘ह’ होतो, मेघाचा मेह होतो तसा. ‘घर’चं ‘हर’ झालं, मग ‘ह’ही कुठे टिकला, कुठे उडाला. हिंदीकडचं पीहर पितृगृहाचं आणि नैहर ज्ञातिगृहाचं. म्हणजे माहेराला शेजारीण भाषा बापाचं घर म्हणतात, आपण आईचं म्हणतो, हे मला वर्गात सांगायला फार आवडे. ही झीज घरापुरती नाही. कुंभकाराचा कुंभार आणि सुवर्णकाराचा सोनार होताना ‘कार’ असाच खाल्ला गेला.

आता माझा खरा मुद्दा. इंग्रजीत ‘गो टू स्कूल’, ‘गो टू मार्केट’, पण ‘गो होम’. ‘टू’ का नाही? सातवीतल्या एका मुलीने मला हे विचारलं होतं आणि मी ‘तसा नियमच आहे’ असं ठोकून दिलं होतं. पुढे कळलं की जुन्या इंग्रजीत विभक्ती होत्या, आणि जायच्या ठिकाणाला नुसती द्वितीया पुरे. ‘हाम’ हे तिथे द्वितीयेतलं रूप आहे. विभक्ती गेल्या, बाकी सगळ्या नामांनी ‘टू’ धरलं, घर मात्र जुन्या वळणावर राहिलं. संस्कृतात ‘गृहं गच्छति’ आणि लॅटिनात घराकडे जायला नुसतं ‘दोमुम्’, हीच चाल.

आणि मराठीत बघा. ‘शाळेत जातो’, ‘बाजारात जातो’, पण ‘घरात जातो’ म्हटलं तर अर्थ बदलतो. आपण ‘घरी जातो’ म्हणतो. सप्तमीचे प्रत्यय त, ई, आ हे सगळ्यांनी पाठ केलेत, पण त्यातला ‘ई’ आज कुठे कुठे उरलाय? घरी, दारी, गावी, माहेरी, सासरी. जुनी विभक्ती दोन्ही भाषांनी घरापाशीच सांभाळून ठेवली आहे. त्या मुलीला आता हे कळवायला हवं, ती स्वतः शिक्षिका झाली आहे.


उंबरठा

सर, नुसती +१ देऊन भागणार नाही. ‘आजोळी’ही त्यात घाला.


रानजाई | एक दुरुस्ती

धागा सुंदर, वाचनखूण साठवली. फक्त वाचणाऱ्यांचा समज व्हायला नको की घर आणि होम एकाच मुळातून आलेत. नाहीत.

‘गृह’ ज्या मुळातून आलं त्याचा अर्थ कुंपण घालणं, वेढणं. त्याची युरोपातली भावंडं म्हणजे इंग्रजी ‘यार्ड’, आणि रशियन ‘गोरोद’, म्हणजे शहर. नोव्हगोरोद, बेलग्रेड या नावांमध्ये आपलं गृह बसलंय. गॉथिकमध्ये ‘गर्द्स’ म्हणजे तर घरच. तेव्हा इंग्रजांनी ज्याला अंगण केलं त्याला आपण घर केलं.

बाकी इंग्लंडच्या नकाशावर आपले नातेवाईक बरेच निघतात. डर्बी, ग्रिम्सबी यांतलं ‘बी’ व्हायकिंगांचं, राहणं या अर्थाच्या धातूवरून आलेलं. ते आणि आपलं ‘भवन’ एकाच ‘भू’चे. नॉरिच, वॉरिकमधलं ‘विच-विक’ लॅटिनातून आलंय आणि संस्कृत ‘विश्’, ‘वेश्म’ यांच्या कुळातलं आहे. हॅम्पस्टेडमधलं ‘स्टेड’ आणि ‘स्थान’ यांचं नातं तर ऐकूही येतं. लॅटिन ‘दोमुस’चा भाऊ वैदिक ‘दम’, आणि दमाचा पती तो दंपती, घरधनी. आपण त्या एकट्या घरधन्याचं पुढे जोडपं केलं.


ट्रेंटकाठ

रानजाईताई, मग हामचं आपल्याकडे कुणीच नाही?


रानजाई | आहे, पण वादातलं

दोन पक्ष आहेत.

एक पक्ष म्हणतो की हामच्या मुळाशी ‘वस्ती करणं, स्थिरावणं’ या अर्थाचा धातू आहे, संस्कृतात जो ‘क्षि’ म्हणून येतो. ‘क्षेति’ म्हणजे राहतो. क्षिती, क्षेत्र त्याचीच. आणि त्यातलंच ‘क्षेम’. म्हणजे योगक्षेमातलं क्षेम आणि होम हे सख्खे नसले तरी चुलत. ऋग्वेदात योग आणि क्षेम ही जोडी येते तेव्हा योग म्हणजे जू जोडून निघणं, मुलुख पालथा घालणं, आणि क्षेम म्हणजे मुक्कामी निवांत राहणं. चर्चगेटजवळच्या आयुर्विमा महामंडळाच्या इमारतीवर ‘योगक्षेम’ वाचाल तेव्हा हे आठवा.

दुसरा पक्ष म्हणतो की नाही, मूळ ‘आडवं होणं, निजणं’ हे. संस्कृत ‘शेते’. जिथे पाठ टेकते ते होम. या पक्षाच्या बाजूला लिथुआनियनमधलं ‘शेइमा’ आहे, अर्थ कुटुंब, आणि रशियन ‘सेम्या’ही, तोच अर्थ.

मी पहिल्या पक्षाची. कारण शास्त्रीय नाही, जुन्या मराठीत क्षेमाचं ‘खेंव’ झालं आणि त्याचा अर्थ आलिंगन. हा शब्द होमचा चुलतभाऊ असावा असं मला फार वाटतं. पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे, हे मीच इथे इतरांना सुनावत असते.


अडगळीतला | मी दुसऱ्या पक्षाचा

रानजाई, क्षेमच्या बाजूने एवढं हळवं व्हायचं कारण नाही. लिथुआनियन-रशियन पुरावा बघता या सगळ्यांच्या मूळ भाषेत शब्दाच्या सुरुवातीला ‘श’कडे जाणारा नुसता कंठ्य-तालव्य ध्वनी असावा, तर संस्कृतात ‘क्ष’ यायला त्या ध्वनीच्या आधी मुळात एक ‘त’ लागतो. तो ‘त’ जर्मन कुळात दिसत नाही.


रानजाई

जर्मन कुळात तसा ‘त’ टिकणारच नाही, तेव्हा तो दिसत नाही हा पुरावा कुठल्याच बाजूचा नव्हे. लिथुआनियनमध्येही तेच. शिवाय लिथुआनियन ‘काइमस’चं काय करणार? त्याचा अर्थ गाव, आणि सुरुवातीला ‘क’ आहे, ‘श’ नाही.


अडगळीतला

‘काइमस’ दोन्ही पक्षांना अडचणीचाच आहे. बरं, चहावर बोलू.


निवांत_पाटील | येथील क्षेम

वरचं सगळं समजलं असं म्हणणार नाही. पण आमच्या वाड्यात जुन्या पत्रांची एक पेटी आहे, तीत दर पत्राची सुरुवात ‘विनंती उपरी येथील क्षेम जाणून स्वकीय कुशल लेखन करीत जावे’. तुमच्या पहिल्या पक्षाने बघितलं तर ‘इथलं घर ठीक, तुमचं कळवा’ असंच होतं की.


रानजाई

पाटील, तुम्ही एका ओळीत माझा पक्ष जिंकून दिलात. (अडगळीतला, हा पुरावा नाही, माहीत आहे.)


टाइनकाठी_पोरगी | हयेम

मी न्यूकासलला शिकते. इथले लोक घरी जाताना ‘गॅन हयेम’ म्हणतात. पहिल्या वर्षी मला वाटायचं हा माणूस कुठल्या गावाला निघालाय. सगळे सांगतात की हा व्हायकिंगांचा शब्द, कारण नॉर्वेत घर म्हणजे ‘येम’, लिहिताना ‘ह्येम’. माझी नॉर्वेजियन मैत्रीणसुद्धा खूश होते ऐकून. खरं आहे का?


ट्रेंटकाठ | कहाणी गोड आहे, पण

दक्षिणेत लांब ‘आ’चा ‘ओ’ झाला हे मी वर लिहिलं. उत्तरेत तो वळलाच नाही, तो पुढे ‘ए’कडे सरकला. म्हणून स्कॉटलंडमध्ये ‘हेम’ आणि तुझ्याकडे ‘हयेम’. तुझ्याच गावातले म्हातारे लोक दगडाला ‘स्टयेन’ म्हणताना ऐकलेस का? तोच नियम. घर एकटं व्हायकिंगांकडून आणलं आणि दगड घरचाच ठेवला, असं होणार नाही. नॉर्वेचं ‘येम’ आणि तुझं ‘हयेम’ भावंडं आहेतच, पण दोघं आपापल्या घरी वाढलेली.

व्हायकिंगांच्या भाषेत मात्र ‘हेइम्र’चा अर्थ घराबरोबर ‘जग’ असाही होता. राक्षसांचं जग ते योतुनहेइम. आणि व्हायकिंगांनी ‘घरी आणणं’ याला ‘हेइम्ता’ हे क्रियापद केलं होतं. ते नॉर्मंडीत फ्रेंच होऊन इंग्रजीत ‘हाँट’ म्हणून परतलं असं पुष्कळ अभ्यासक मानतात. म्हणजे भूत घरात ठाण मांडून बसतं तेव्हा त्या शब्दातसुद्धा घर आहे.


उंबरठा | हॅम्लेट

मग ‘टु बी ऑर नॉट टु बी’वाला हॅम्लेट म्हणजे वाडीकर?


ट्रेंटकाठ

तो डेन्मार्कच्या दंतकथेतला ‘आम्लेथ’, त्याचा संबंध नाही. पण ‘हॅम्लेट’ म्हणजे पाडा, तो शब्द हामचाच नातू. फ्रेंचांनी ‘हॅम’ला लघुत्वाचा प्रत्यय लावून ‘हामेल’ केलं, तेही मोठं वाटलं म्हणून आणखी एक लावून ‘हामलेट’. घर, घरकुल, आणि मग घरकुलुलं.


वकिलीण_कोल्हापूर | हाम-सोक्न

शब्दांच्या गर्दीत कायदा घालते. इंग्लंडच्या जुन्या राजांच्या कायद्यात ‘हाम-सोक्न’ नावाचा गुन्हा होता. कुणाच्या घरात घुसून त्याच्यावर हल्ला करणं. अकराव्या शतकात कनूट राजाच्या कायद्यात त्याचा दंड राजाला पाच पौंड. डूम्सडेत अख्ख्या बर्मिंगहॅमची किंमत २० शिलिंग म्हणजे एक पौंड लावलीय असं वर वाचलं, तर हिशोब करा, एका घरावरचा हल्ला म्हणजे पाच बर्मिंगहॅम!

स्कॉटलंडच्या कायद्यात हा शब्द ‘हेमसकन’ म्हणून पुढे शतकानुशतकं राहिला. रस्त्यात मारणं वेगळं आणि माणूस आपल्या घरात असताना मारणं वेगळं, ही भावना तिथे शब्दातच आहे. आमच्याकडे भादंविचं कलम ४५२ तयारीनिशी घरात घुसून मारहाण वगैरेंसाठी होतं. अशिलाला समजावताना मी एवढंच सांगायचे, ‘घरात घुसून मारलं म्हणून जड’. कनूटचं माहीत असतं तर अजून वजन आलं असतं.


जुनाबाजार | साहेबांचं होम

एक बाजू राहिली. इथल्या गोऱ्या साहेबांना ‘होम’ म्हणजे मुंबई-पुण्यातला बंगला नव्हे. १८८६ च्या हॉब्सन-जॉब्सन या अँग्लो-इंडियन शब्दांच्या कोशात ‘होम’ची वेगळी नोंद आहे, अर्थ इंग्लंड. चाळीस वर्षं इथे नोकरी, मुलं इथल्या आयांच्या कडेवर वाढलेली, पण होम तिकडे. दादाभाई नौरोजी ज्याला लूट म्हणत, त्या हिंदुस्थानातून दरसाल इंग्लंडला जाणाऱ्या पैशाच्या एका मोठ्या भागाचं सरकारी नाव ‘होम चार्जेस’. आमच्या पैशाने त्यांचं घर चाले आणि हिशोबात लिहिलेलं असे ‘घरखर्च’.

मग हाच शब्द टिळकांनी उचलला. २८ एप्रिल १९१६ ला बेळगावात होमरूल लीग निघाली. शब्द आयरिश लोकांचा, पण इथे त्यावर वेगळी धार चढली. होम कुठलं, यावरच तर भांडण होतं.


रानजाई

जुनाबाजार, ही बाजू माझ्या डोक्यातच आली नव्हती. रोमन इतिहासकार टॅसिटसने इ.स. ९८ च्या सुमारास ‘बोइहेमम’ असं नाव लिहून ठेवलंय, बोयी नावाच्या केल्टिक टोळीचं हाम. हेच आजचं बोहेमिया. आणि तो पुढे लिहितो की राहणारे बदलले तरी नाव जुन्याची आठवण धरून आहे. साहेब गेल्यावरही आपल्याकडे ‘होम डिपार्टमेंट’ राहिलं, आपण त्याचं फक्त गृहखातं केलं.


बंड्या_बोरिवलीकर | होमली

आईने लग्नाच्या साइटवर माझ्यासाठी ‘होमली गर्ल’ हवी असं लिहिलं. अमेरिकेतल्या मावशीने वाचलं आणि घाबरून फोन केला. तिकडे ‘होमली’ म्हणजे दिसायला बेताची म्हणे. आईला घरगुती म्हणायचं होतं. आता ‘हामली’ लिहू का?


उंबरठा

रूममेट चहा करत नाही ना अजून? मग आधी तो प्रश्न सोडव.


प्रवासी_पक्षी | प्रश्न

उशिरा आले. मुलाला लफबरोला ॲडमिशन मिळाली आहे, की लॉघबोरो? नॉटिंगमजवळच आहे म्हणे. त्याचं खरं काय म्हणायचं? आणि तेही घरच का?


ट्रेंटकाठ

‘लफ्बरा’. ट्रेनमध्ये तसंच म्हणायला सांगा, नाहीतर मला भेटली तशी हसणारी आजीबाई भेटेल. आणि ते घर नाही, ‘बुर्ख’ म्हणजे गढी. त्याला वेगळा धागा लागेल, वीकेंडला काढतो.